ज्ञानूचा पांढरा ट्रक

फौजेतून निवृत्त झाल्यावर उंब्रजच्या आकाराम मान्यांनी वीतभर लांबीच्या हुबेहूब गाड्या बनवायला घेतल्या. जिपा, तोफा, रणगाडे. हिरवा रंग त्यांच्या हातात बसला होता. पांढऱ्यानं मात्र पंचाईत केली.

काम साळूबाईंचं, कवठे महांकाळच्या. त्यांचे मालक ज्ञानू आणि आकाराम एकाच पलटणीतले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतर्फे दोघं काँगोला गेलेले आणि ज्ञानू तिथं पांढरा ट्रक चालवायचा. दोन वर्षांमागं तो वारला. ट्रकचा एकही फोटो घरात नव्हता, म्हणून साळूबाईंनी आकारामना गळ घातली. मालक जिथं दिवस काढायचे ती गाडी त्यांना एकदा बघायची होती.

आकारामनी ट्रक केला आणि दिवाळीला भिंती रंगवतात तसा पांढऱ्यात नीळ टाकून झकास रंगवला. साळूबाई एसटीनं आल्या. चष्मा पुसून पाहत राहिल्या.

"भाऊजी, ह्यो ट्रक हाय का दवाखान्याची गाडी?"

"ट्रकच हाय, वैनी."

"मग लय आजारी दिसतोय."

आठवड्यानं परत येते म्हणून त्या रिकाम्या हातानं गेल्या.

मी तेव्हा नाटकाच्या नेपथ्यासाठी छोटी घरं रंगवायला त्यांच्याकडं शिकत होते. दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी हायवेवर भरली. चहाच्या टपरीपाशी उभं राहून आम्ही पांढऱ्या गाड्या न्याहाळायचो. दुधाच्या एका पिकअपखाली आकाराम इतके वाकले, की ड्रायव्हरनं घाबरून गाडीचे कागद काढले. पण त्यांना हवं ते सापडलं होतं. छत उन्हानं पिवळट पडलेलं. प्रत्येक बोल्टखाली गंजाचा बारीक ओघळ. चाकांवरचा पत्रा थेट मातीच्या रंगाचा. पांढरं म्हणावं असं जवळपास काहीच नव्हतं.

घरी येऊन त्यांनी ट्रक आधी राखाडी केला. त्यावर सायीच्या रंगाचे तीन पातळ हात दिले, सांध्यांत राखाडी तसाच ठेवला. बोल्टखाली तपकिरी थेंब सोडून ओल्या ब्रशनं खाली ओढले. चाकांना कावेची तांबडी पूड चोळली. मग खरा पांढरा कुठं, असं मी विचारलं, तर म्हणाले, शेवटी, आणि तोही नुसता कडांना.

साळूबाई आल्या. या वेळी त्यांनी ट्रक हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"ट्रक हाय," त्या म्हणाल्या. "पर आमच्या मालकांचा न्हाई."

आकारामचा चेहरा उतरला. काय राहिलं, त्यांनी विचारलं. साळूबाई सांगू लागल्या, की ज्ञानू औत जुंपायच्या आधी बैलाच्या पाठीवर दोनदा थाप मारायचा. ट्रॅक्टर आला, तर त्याच्या बॉनेटवरही.

"ट्रकला थापटत नव्हते व्हय?"

आकारामनी ट्रकच्या दारावर बोट टेकवलं. मग सावकाश म्हणाले, "थापटायचा. रोज सकाळी, दारावर. तेलकट हातानं. आमी शिव्या द्यायचो त्याला."

त्यांनी काळपट तपकिरी रंग कालवला, काडीपेटीतली काडी त्यात टेकवून साळूबाईंच्या हातात दिली आणि खिडकीखालची जागा दाखवली. बाईंनी चष्मा सारखा करून काडी टेकवली. एक ठिपका, दुसरा ठिपका. दोन्ही बरेच खाली पडले.

आकाराम फडक्यानं पुसायला गेले, तसा साळूबाईंनी ट्रक जवळ ओढला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी. मालक बुटकेच हुते."