यंत्राची खोळ

खोळकाकूंचं खरं नाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथेच राहिलं होतं. वस्तीत त्यांना सगळे खोळकाकूच म्हणत. उशीची खोळ काय, कुणीही शिवेल. काकू फ्रिजला, टीव्हीला, स्कूटरला, पाण्याच्या टाकीला, फार कशाला, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा खोळ शिवून द्यायच्या, आणि ती अशी चपखल बसायची की वस्तू खोळीसकटच जन्माला आली असावी.

हा धंदा दुसऱ्या वस्तीत चालला नसता. इथे वस्तीच्या डोक्यावर काजळीचा कारखाना होता. टायरांत घालायची काळी पूड तिथे बनायची आणि त्यातली थोडी चिमणीतून वस्तीच्या वाट्याला यायची. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोट फिरवलं की बोट काळं. म्हणून इथे जे ते झाकलेलं असे, आणि कुणी येणार म्हटलं की खोळी काढायची एकच धांदल उडे. खोळीवर पाहुण्याला बसवणं म्हणजे त्याचा अपमानच. पाहुणा वळणापलीकडे गेला की खोळी परत जागेवर. कारखान्याला शिव्या घालत घालत काकूंनी त्याच काजळीवर मुलाला वाढवलं, शिकवलं आणि बोहल्यावर चढवलं.

नात झाली आणि चित्र पालटलं. पोरगी धावायला लागली तशी धापा टाकायला लागली. छातीतून शिट्टी वाजायची, ओठ निळसर व्हायचे. सून अबोल बाई, कधी उलट शब्द बोलली नाही. पण एक दिवस तिनं सामान बांधलं आणि नवऱ्याला नि लेकीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही.

"आई, तुमच्यावर राग नाही," जाताना ती म्हणाली. "इथली हवा बरी आहे असं कुणी जबाबदार माणसानं सांगू दे, त्याच आठवड्यात परत येते."

त्या दिवसापासून काकूंना घर खायला उठायचं.

अशात सरकारला वस्तीची आठवण झाली. ज्यांच्या नाकाशी कारखाने आहेत आणि ज्यांचं आजवर कुणी ऐकलं नाही, अशा वस्त्यांना न्याय देण्याची एक योजना निघाली होती. खात्याच्या मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला गोड, आणि मुख्य म्हणजे गाडीतून उतरून चालल्या. वस्तीत यंत्र ठेवून दोन महिने हवा मोजायची, वाईट निघाली तर कारखान्याला स्वखर्चानं चिमणीवर गाळणी बसवावी लागेल आणि वस्तीला दवाखाना मिळेल, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. यंत्र ठेवायला काकूंची गच्ची मोकळी होती.

"काकू, महागाचं आहे हो. कुणाला हात लावू देऊ नका," मॅडम म्हणाल्या.

"माझ्यावर सोडा," काकू म्हणाल्या.

पहिल्याच संध्याकाळी त्या वर जाऊन बघतात तर यंत्राच्या पांढऱ्याशुभ्र डोक्यावर काळा थर. काकूंच्या जिवाला ते बघवेना. सरकारनं विश्वासानं ठेवलेली वस्तू, आणि ती आपल्या गच्चीवर अशी उघडीबोडकी? त्यांनी टेप लावून माप घेतलं. जाड सुती कापड निवडलं, वर टोपीसारख्या भागाला दुहेरी अस्तर लावलं, कडेला निळी पट्टी आणि खाली नाडी. हात यंत्राला लावलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. वस्तीत कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. शेजारीण तर म्हणाली, "निळा रंग छान दिसतोय गं."

मॅडम तपासणीला यायच्या आधी फोन करायच्या. फोन आला की काकू वर जाऊन खोळ काढायच्या, यंत्र पुसायच्या आणि चहा टाकायच्या. मॅडमच्या नजरेला यंत्र कायम लख्ख पडलं. त्यांनी काकूंचं कौतुकही केलं.

दोन महिन्यांनी आकडे आले. हवा चांगली. नुसती चांगली नाही, बागबगीचे असलेल्या श्रीमंत भागापेक्षा चांगली! वस्तीनं डोक्याला हात लावला. कुणी म्हणालं यंत्र बिघडलंय, कुणी म्हणालं कारखान्यानं वरपर्यंत हात ओले केले. सुनेनं मात्र ही बातमी फोनवर वाचली आणि लगेच काकूंना फोन लावला.

"आई, सरकारनंच सांगितलंय. रविवारी येतो आम्ही."

काकूंनी गाद्या झटकल्या, नातीची खेळणी धुऊन ठेवली. आकडा कसा का असेना, पोर घरी येतेय, याचाच त्यांना आनंद होता.

शुक्रवारी मॅडम यंत्र न्यायला आल्या. चेहरा उतरलेला. आता ही वस्ती योजनेतून वगळणार, शनिवारी शाळेच्या सभागृहात तसं जाहीर करायचं होतं. काकूंनी सहज विचारलं, "पण मॅडम, हे हवा घेतं कुठून?"

"ही वरची टोपी आहे ना, हिच्या खालून," मॅडमनी बोट ठेवलं.

नेमकं तिथेच दुहेरी अस्तर होतं. मॅडम गेल्यावर त्यांनी खोळ उलटी केली. बाहेरची बाजू काळीकुट्ट, आतली बाजू जवळपास कोरी. गप्प राहिलं तर पोर परवा दारात उभी राहणार होती.

शनिवारी सभागृह भरलं होतं. मॅडमनी आकडे वाचले आणि गलका सुरू झाला. काकू उठल्या, पुढे गेल्या आणि टेबलावर खोळ ठेवली.

"मॅडम, ही मी घातली होती. तुम्ही यायच्या वेळी काढत होते."

मॅडमनी खोळ उलटसुलट करून पाहिली. हसावं की रडावं, त्यांना कळेना. मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, सगळ्यांचं वाटोळं केलंत की!" आणखी दोघांनी री ओढली. काकूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं ते. शेवटी मॅडमनी टेबल वाजवलं. जुने आकडे रद्द, यंत्र पुन्हा बसेल, त्याच गच्चीवर, असं त्या म्हणाल्या.

घरी येऊन काकूंनी सुनेला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. "उद्या आणू नकोस तिला," त्या म्हणाल्या.

सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं असतं?"

"तिच्या छातीला कळलं असतं."

पलीकडे फोनची ओढाताण झाली आणि नातीचा आवाज आला. "आजी, मी बॅग भरलीये."

"असू दे भरलेली. आधी ते यंत्र नीट मोजू दे."

"मग येऊ?"

"मग नाही गं. मग त्या चिमणीला गाळणी बसवतील. ती बसली की ये."

"ती कधी बसवणार?"

काकूंच्या तोंडावर "लवकरच" आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मला नाही माहीत, बाळा," त्या म्हणाल्या.