अण्णांनी वाळत घातलेली चड्डी

माझे सासरे माझी चड्डी वाळत घालायचे.

हसा खुशाल. आम्हीही हसलो होतो, पण नंतर.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. सकाळी श्राद्ध झालं, पंगत उठली, भांडी घासून झाली. आता जरा बसून लिहितेय.

अण्णांचं तुळजापुरात लॉज. आमचं घर त्याच्याच मागं, गच्ची एकच. गच्चीवर बाराही महिने भाविकांच्या चादरी वाळत असायच्या आणि अण्णा खुर्ची टाकून त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. लॉजच्या गल्ल्यावर माझा नवरा प्रशांत बसला तरी चालायचं, चादरी मात्र दुसऱ्याकडं सोपवल्या नाहीत.

चाळिशीत मला सायकलचं वेड लागलं. आधी सलवार घालून निघाले, ती चेनमध्ये गेली. मग कॉटनची ट्रॅकपँट. तामलवाडीपर्यंत घामानं भिजून अशी जड झाली की घाट चढताना मांड्या सोलून निघाल्या.

शेवटी ऑनलाइन पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स मागवली. अंगाला घट्ट, खाली जाड पॅड. बाहेर पडताना वरून गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, कारण गल्ली आमचीच.

आणि आत रोजची निकर घातली. घालणारच ना! आत काही न घालता घराबाहेर पडायचं?

सोलापूरच्या सायकल ग्रुपमधल्या मेघाताईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. "अगं बाई, त्या निकरची शिवणच काचतेय तुला. पॅडच्या आत काहीच घालायचं नसतं."

ती एक लाज सोडली. दुसरी माझ्या लक्षातच आली नव्हती.

शॉर्ट्स धुतली की मी ती दोरीवर साडीच्या खाली वाळत घालायचे. आतले कपडे असेच वाळवायचे हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आईला बघितलं होतं, आईनं तिच्या आईला.

पण पॅड जाड. साडीखाली ते वाळायचंच नाही. वरून कोरडं, आतून दमट. तेच घालून मी पुन्हा तासन् तास सीटवर.

आधी पुरळ आलं. मग गळू झालं, नको तिथं.

सोलापूर, तिथून नळदुर्ग आणि परत तुळजापूर असा मोठा राउंड ग्रुपनं ठरवला होता. मी त्यासाठी किती महिने घाम गाळला होता! आणि आता मला खुर्चीवर बसता येईना.

जेवताना अण्णा म्हणाले, "उभ्यानं का जेवायलीस गं? बस की."

"नको अण्णा. बरंय असंच."

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ओला कपडा घालू नका, कडक उन्हात वाळवा. मी प्रशांतला सांगितलं, "सायकल विकून टाक. हे आपल्याच्यानं होणार नाही." नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. त्यानं ते अण्णांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले तर माझी काळी शॉर्ट्स मधल्या तारेवर. उलटी करून, पॅड उन्हाकडं, दोन चिमटे लावून. दोन्हीकडं पांढऱ्या चादरी. खुर्चीत अण्णा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अण्णा! अहो, लोक बघतील!"

"बघू दे की. लोकाच्या चादरी उन्हात, अन् घरच्या लेकीची कापडं अंधारात व्हय?"

माझ्याकडं बघत नव्हते. कान लाल झाले होते त्यांचे. लाज त्यांनाही वाटत होतीच.

समोरच्या गच्चीवरून काकूंनी विचारलंच, "अण्णा, ते काय लटकवलंय काळं?"

"सूनबाईची सायकलची चड्डी हाय. पॅडवाली. तुमाला पायजे का?"

काकू जिना उतरून गायब.

गळू बरं झालं. मोठा राउंड झाला. नळदुर्गला हायवेच्या ढाब्यावर सगळ्यांबरोबर खुर्चीवर बसून जेवले. घरी फोन केला तर अण्णांनी किती किलोमीटर झाले ते विचारलंच नाही. "काचत तर न्हाय ना?" एवढंच.

जाण्याआधी काही महिने अण्णांना पॅरालिसिसचा अटॅक आला. एक बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. डॉक्टर म्हणाले, पाठ सांभाळा, पडून पडून एकदा जखम झाली की भरून यायची नाही.

पाठीचं सगळं प्रशांत करायचा. मला अण्णा पांघरूण बाजूला करू द्यायचे नाहीत.

एका दुपारी प्रशांत सोलापूरला गेलेला. अण्णांचा सदरा घामानं भिजला होता.

"अण्णा, बदलू या."

"परशा आल्यावर."

"त्याला संध्याकाळ होईल."

"तू सून हायस गं."

मी पलंगाशी बसले. मग विचारलं, "अण्णा, काचतंय का?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"व्हय. लई."

आणि त्यांनी चांगल्या हातानं पलंगाची कड धरली. मी त्यांना कुशीवर वळवलं. कमरेवर, जिथं सदऱ्याची जाड शिवण दबत होती, तिथं लाल वळ उठला होता.

त्या दिवसापासून अण्णांचे कपडे माझ्याकडं. शिवणीचं काही अंगाखाली जाऊ दिलं नाही. जुनी मऊ धोतरं फाडून घेतली, चादरीला सुरकुती राहू दिली नाही, दमट कपडा अंगाला लागू दिला नाही. दर थोड्या वेळानं कूस बदलायची. पुन्हा कधी त्यांनी नाही म्हटलं नाही.

अण्णा गेले तेव्हा शेवटची अंघोळ प्रशांतनं घातली. बाहेर आला तो ओल्या हातांनी तसाच माझ्यापुढं उभा राहिला.

"पाठीवर एक ओरखडा नाही गं," म्हणाला.

तोपर्यंत मी रडले नव्हते.

अण्णा, तुमच्या सुनेचा नमस्कार. सुखानं असा.