हजेरीतलं सुटं सुटं नाव

कुमुदबाईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती मी त्यांच्याशी भांडायला गेले तेव्हा. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लेखाची सुरुवात अशी करू नये हे कळतं. पण गुळमुळीत बोलणं बाईंनाच आवडत नाही.

बडोद्यात तेव्हा घरोघरी केबल टीव्ही येऊ लागला होता आणि गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघत होत्या. आमची वैदेही मात्र प्रतापनगरजवळच्या मराठी शाळेत, कुमुदबाईंच्या पहिलीत होती. हजेरी घेताना बाई मुलांची नावं तोडून उच्चारत. ‘वै... दे... ही’ असे तुकडे ऐकून मुलानं ते मनातल्या मनात जोडायचे आणि ‘हजर’ म्हणायचं. सगळा वर्ग उत्तर देई, माझी मुलगी तेवढी गप्प. बाई पोरीची थट्टा करतात असं वाटून मी तावातावानं वर्गात शिरले.

बाईंनी मला मुलांच्याच बुटक्या बाकावर बसवलं.

“मुळाक्षरं येतात तिला?”

“सगळी! झोपेतून उठवून विचारा.”

“मग ‘कप’ कसं वाचते?”

“कमळ-पतंग,” मी पुटपुटले.

“डोळे तयार आहेत, बेन. कान अजून व्हायचे आहेत. काही वांधो नाही, होतील. पाटी माळ्यावर टाका आणि घरी नुसतं बोला तिच्याशी.”

“शाळा आहे की भजनी मंडळ?” आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपमधून आल्या आल्या कडाडले. त्यांनी एक इंग्रजी शाळा हेरूनच ठेवली होती. होळीपर्यंत वाट पाहू, असं कसंबसं ठरलं. मला मात्र वेगळीच भीती होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. आपली पोर मंद तर नाही ना?

बाईंच्या वर्गात खडूपेक्षा तोंड जास्त चाले. “कपाटातला ‘क’ पळाला, काय उरलं?” “पाट!” “आणि बटाटा? ‘ब’ पळाला!” त्यावर अख्खा वर्ग हात हलवून “टाटा!” ओरडे. पोळ्या लाटताना मी घरीही हेच खेळ सुरू केले. वैदेही हसायची, पण तिला जोडता काही येत नव्हतं.

हजेरीत बाई तिचं नाव मुद्दाम शेवटी घेत आणि थांबत. शेजारची मुलं मदतीला धावली तर म्हणत, “ज्याचं नाव, त्याचेच कान.” एवढा धीर मी तरी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. संक्रांतीनंतर एके सकाळी मी तिला सोडून दारातच रेंगाळले होते. बाईंनी नाव सुटं केलं, त्या थांबल्या, आणि आतून बारीक आवाज आला, “हजर, बाई.” बाईंनी नुसती मान डोलावली आणि धडा सुरू केला.

होळीच्या आधी आम्ही डभोईला लग्नाला निघालो. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं एका स्टेशनात दम घेतला. वैदेही फलाटावरच्या पाटीकडे बघत पुटपुटत होती, “के... ल... न... पु... र. केलनपुर!” हे नाव तिनं कधी ऐकलेलंही नव्हतं. “परत वाच,” हे म्हणाले. तिनं परत वाचलं. मी खिडकीशी तोंड करून मनसोक्त रडले. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात तो असा उतरतो.

परतताना आम्ही स्टेशनवरून थेट बाईंच्या घरी गेलो. ह्यांनी वाकून नमस्कार केला आणि केलनपुरच्या पाटीची हकीकत सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “वाचून भूक लागली असेल पोरीला,” असं म्हणत त्यांनी पोह्यांची बशी तिच्यापुढे ठेवली. इंग्रजी शाळेचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. पुढं बाईंनीच मला शाळेत शिकवायला ओढलं आणि त्यांच्या शेजारच्या वर्गात मी शिक्षिका झाले. माझ्या वर्गातही हजेरी तशीच चाले.

बाई आता निवृत्त आहेत, गुडघे कुरकुरतात, तरी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गल्लीतली चिल्लीपिल्ली जमतातच. गुडघ्यांनी त्यांना शहाण्यासारखी साथ द्यावी, त्यांचे कान असेच तिखट राहावेत, आणि त्यांच्या शंभरीला लिहायची पाळी वैदेहीवर यावी.

बाई, आमची नावं अशीच सावकाश, सुटी सुटी करून घेत राहा. आणि उत्तराला कुणाला उशीर झाला, तर तशाच थांबा.