आत्यांनी भरलेले रीळ

कोणाविषयी काही लिहावे एवढा मी मोठा नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात लिहिणे म्हणजे शाळेच्या कागदावर सही करणे. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही इलेक्ट्रॉनिक्सला. मराठीशी माझा संबंध बारावीत संपला. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या माझ्या नात्याच्या नाहीत, आणि मी त्यांच्याशी एकदा खोटे बोललो आहे. खरे तर लिहायला बसलो ते त्याचमुळे. कुठे चुकलो तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

आत्यांना लोंबता धागा बघवत नसे. कोणाच्या बाहीला, पिशवीच्या बंदाला, गोधडीच्या कडेला धागा सुटलेला दिसला की बोलणे अर्धे टाकून त्यांचा हात तिकडे जाई. त्या धागा ओढत नसत. मुळाशी नखाने दाबून अलगद तोडत. मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा नाव विचारण्याआधी त्यांनी माझ्या कॉलरचा धागा तोडला आणि मग म्हणाल्या, "कुठला रे तू?"

"सायखेड्याचा."

"मंग सायखेडकर, चपला बाहेर काढ आधी. फरशी आत्ताच पुसलीय." तेच माझे नाव पडले.

ते घर सुनीलभाऊंचे, नाशिकरोडला. भाऊ एसटीत कंडक्टर. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी राहतो. आत्या म्हणजे भाऊंच्या सख्ख्या आत्या, येवल्याच्या. चाळीस वर्षे पैठणीच्या मागावर बसलेल्या. उजव्या हाताला थरथर सुरू झाली म्हणून भाऊंनी त्यांना डॉक्टरांना दाखवायला इकडे आणले होते. येवल्याला मागावर एक साडी अर्धी विणून तशीच राहिली होती. ती एका मुलीच्या लग्नाची होती आणि लग्न दिवाळीनंतर होते.

"दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घेऊ," असे भाऊ म्हणाले की आत्यांचे उत्तर ठरलेले असे. "एका साडीत दोन हात दिसत्यात, सुनील. ठोका वेगळा पडतो. बघणारीला नाय कळलं तरी नेसणारीला कळतं."

रोज सकाळी त्या चहाची बशी उजव्या हातावर धरत आणि बशीतल्या चहाकडे बघत बसत. चहा हलला की न पिताच बशी खाली ठेवत. तेवढा वेळ भाऊ मोबाइलमध्ये बघत, वहिनी कणीक मळत, मी उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत असे.

त्याच दिवसांत मी इलेक्ट्रिक गिटारचा संच मागवला होता. सगळे भाग सुटे येतात आणि जोडायचे आपण. न रंगवलेले लाकडी अंग, वेगळी मान, खुंट्या, तारा आणि दोन पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेले रीळ. गिटारची तार हलली की ते ओळखते आणि आवाज स्पीकरपर्यंत जातो. गावात वरातीतले बँजो ऐकून मला लहानपणापासून या गोष्टीचे वेड होते. वाजवता येत नव्हते. बनवता आली तर वाजवताही येईल, असे वाटे. घरी मी 'कॉलेजचं प्रोजेक्ट' असे सांगितले होते.

"इंजिनियर, तुमची गिटार बोलायच्या आत आमची बस रिटायर होईल," असे भाऊ जिन्यातून ओरडत. आत्या मात्र दुपारी गच्चीवर येऊन बसत. घासलेल्या लाकडावर डोळे मिटून हात फिरवत आणि "हितं अडकतंय," एवढेच म्हणत. मी पुन्हा पॉलिश पेपर घेई.

एकदा कडेचा एक टवका उडाला. मी लांबी भरली, वरून रंगाचे दोन हात दिले आणि गप्प राहिलो. आत्यांचे बोट बरोबर तिथे थांबले.

"झाकलंस व्हय?"

"दिसत नाही ना आत्या."

"दिसत नाय म्हणून तर इचारते. आमच्यात धागा तुटला की सांधायचा आन् त्या जागी लाल दोरा घालून ठेवायचा. साडी उतरली की पयलं तिथंच बघायचं. आपल्या हातनं तुटलं तर खूण आपण ठेवायची. दुसऱ्यानं हुडकत बसायचं का?"

मान बसवली तेव्हाही तसेच. मी चारही स्क्रू आवळून तारा चढवल्या आणि त्यांना दाखवायला खाली नेली. त्यांनी गिटार डोळ्यांसमोर आडवी धरली, एक डोळा मिटला. "ताणा तिरका हाय. उकल." ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे; इथे गिटारच्या तारा. मान तिरकी बसल्याचे मला पट्टी लावून मोजल्यावर कळले, ते त्यांना नुसत्या नजरेने दिसले होते. सगळे सोडून पुन्हा बसवायला अख्खा रविवार गेला. 'उकल' हा शब्द त्या इतक्या सहज उच्चारत की त्यात शिक्षा वाटत नसे. चार बोटे विणलेले उकलताना त्यांनी कधी हिशेब केला नसावा.

मागचा पिकअप मी जोडला आणि तपासला. खटका खाली असला की मागचा पिकअप चालतो, वर केला की पुढचा. मी तो खाली केला, तार छेडली, छोट्या स्पीकरमधून आवाज आला. आत्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मग पुढचा पिकअप बसवताना चुंबकाने माझा स्क्रूड्रायव्हर ओढला आणि त्याचे टोक रिळात घुसले. तारेचे किती पदर तुटले ते मोजण्यासारखेही नव्हते. 

आत्यांनी रीळ हातात घेतले, उलटसुलट केले. "ह्ये तर रेशमाची कांडी भरल्यासारखंच हाय. किती फेरे?"

"सात-आठ हजार."

"बास?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग हसू ओसरले. "सुनीलला सांग, येवल्यावरनं माझा कांड्या भरायचा रहाट आण म्हणावं."

भाऊंनी रहाट बसमध्ये, आपल्या सीटखाली ठेवून आणला. मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून मी बारीक तार आणली. बसायच्या आधी आत्यांनी मला दाराची कडी लावायला सांगितली, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये वाजलं तर हात हाय अजून. मी जाऊन साडी पुरी करते. नाय वाजलं तर सुनीलला सांगते, काप मागावरनं."

त्यानंतर मला तिथे बसवेना आणि उठवेना. उजवे कोपर गुडघ्याला टेकवून त्या तार धरत, डाव्या हाताने रहाट फिरवत. थरथर सुरू झाली की चाक थांबवून श्वास सोडत. पहिल्या दिवशी तार तीनदा तुटली आणि तिन्ही वेळा त्यांनी रीळ मोकळे करून पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा तुटल्यावर त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी रीळ भरत आले. निम्म्याहून जास्त झाले असेल तेव्हा वडिलांचा फोन आला. आत आवाज नको म्हणून मी गच्चीच्या कठड्यापाशी गेलो. वडील विचारत होते, "प्रोजेक्ट झालं का? सर काय म्हणाले?" मी काहीतरी सांगितले. परत आलो तेव्हा चाक थांबलेले होते आणि आत्यांची दोन बोटे ओठांत होती. मला बघून त्यांनी चाक फिरवायला घेतले. संध्याकाळपर्यंत रीळ पुरे झाले, गुळगुळीत आणि एकसारखे. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याच्या काठाचा एक धागा सुटलेला होता. त्यांच्या अंगावर लोंबता धागा मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला आणि लगेच विसरलो.

मी रीळ मल्टिमीटरला लावले. काटा हलला नाही. टोके पुन्हा खरवडली, पुन्हा लावले. काटा जागचा हलेना. आत कुठेतरी तार तुटलेली होती.

जिन्यातून हाक आली. "सायखेडकर, वाजलं का रे?"

पायरीगणिक त्यांची पावले वर येत होती. तेवढ्या वेळात मी ते मेलेले रीळ गिटारात बसवले. त्या समोर येऊन बसल्या. मी तार छेडली. आवाज आला, मागच्या पिकअपमधून.

"माझं कोणतं?"

"हे. पुढचं."

त्यांनी त्यावर बोट ठेवले. "मधी कुठं अडखळत नाय ना?"

"नाही, आत्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी तारांकडे बघत राहिलो. "बरं," असे म्हणून त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी भाऊंच्याच बसने त्या येवल्याला गेल्या. जाताना माझ्या बाहीचा एक धागा तोडला. रहाट मात्र माझ्याकडेच ठेवला. "असू दे. लागंल तुला," म्हणाल्या.

पुढचे दोन महिने मला नीट झोप लागली नाही, असे लिहिले तर ते वाढवून सांगणे होईल. झोप लागत होती. पण जाग आली की पहिल्यांदा तो माग डोळ्यांसमोर येई. हात थरथरतो आहे, आणि माझ्या एका 'नाही'च्या भरवशावर त्या आडव्या धाग्याचा धोटा फेकत आहेत. साडी बिघडली तर एका मुलीचे लग्न आणि आत्यांचे चाळीस वर्षांचे नाव, दोन्ही माझ्या माथी येणार होते. फोन काढायचा, त्यांचा नंबर समोर आणायचा आणि परत खिशात ठेवायचा, हे मी किती वेळा केले ते सांगवत नाही. भाऊ येवल्याच्या ड्यूटीवरून आले की जिन्यातच गाठायचो.

"काय म्हणतात आत्या?"

"माग चालू हाय म्हणते. आत येऊ देत नाही कुणाला." दर वेळी एवढेच.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो नाही. वडिलांना फोन करून प्रोजेक्टचे खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं." त्या दुपारी मी रहाट समोर घेतला आणि रीळ उकलायला बसलो. तार सोडत गेलो. साधारण तिसरा हिस्सा उकलल्यावर नखाला काही लागले नाही, पण डोळ्याला लाल काहीतरी दिसले. तांब्याच्या फेऱ्यांमध्ये बोटभर लांबीचा लाल दोरा नीट आडवा घातलेला होता. त्यांच्या लुगड्याच्या काठाचा. त्याच्याशेजारी सांधा होता. इतका बारीक की भिंगाखाली धरल्यावर पीळ दिसला.

मी फोनवर बोलत होतो तेव्हा तार तुटली होती आणि आत्यांनी ती रेशमासारखी सांधली होती. ओठांत धरून, पीळ देऊन. रेशमाचे दोन धागे असे एकत्र आले की एक होतात. तांब्याच्या तारेवर मात्र लाखेचा पातळ थर असतो. तो खरवडल्याशिवाय दोन तारा कितीही घट्ट बिलगल्या तरी वीज पलीकडे जात नाही. हे मला माहीत होते, पहिल्या वर्षालाच शिकवले होते. आत्यांना सांगायला हवे होते, ते मी सांगितले नव्हते. चूक त्यांच्या हातात नव्हतीच. मी त्या दिवशी खरे बोललो असतो तर दोघांनी मिळून उकलले असते आणि तासाभरात कळले असते.

मी सांध्याची टोके खरवडली, सोल्डरचा डाग दिला आणि उरलेली तार त्यांच्याच रहाटावर पुन्हा भरली. माझे फेरे त्यांच्यासारखे बसले नाहीत. खटका वर केला, तार छेडली. पुढच्या पिकअपचा आवाज मागच्यापेक्षा भरीव आणि मऊ आला. लाल दोरा मी काढला नाही. होता तिथेच राहू दिला.

येवल्याला जाऊन सगळे सांगायचे ठरवले होते. परीक्षा आहे, बस चुकली, अशी कारणे मीच मला देत राहिलो. काल संध्याकाळी सुनीलभाऊ ड्यूटीवरून आले ते तिकिटाचे मशीन गळ्यात तसेच ठेवून सरळ गच्चीवर.

"साडी उतरली," ते म्हणाले.

मी विचारले, "नीट?"

"या काठापासून त्या काठापर्यंत एकच हात. लग्नघरची माणसं घेऊनसुद्धा गेली. आन् त्याच दिवशी तिनं माग खोलून ठेवायला लावला. बास म्हणाली. आता बशी दोन्ही हातांनी धरावी लागते तिला."

मी म्हणालो, "भाऊ, ते रीळ त्या दिवशी वाजलंच नव्हतं. मी खोटं बोललो."

"तिला ठाऊक हाय. तू खटका खालीच ठेवला व्हता म्हणे."

"मग गेल्या कशाला?"

"मी बी तेच इचारलं. म्हणाली, वाजायचं न् न वाजायचं ते सायखेडकरानं बघावं. तुटलेलं माझ्या बोटांनी धरलं, मला तेवढंच बघायचं व्हतं."

भाऊ जिन्याकडे वळले. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"हां, तुला एक इचारायला सांगितलंय. लाल दोरा सापडला का?"