चादर उचलायची कुणी

लेसिएली माझ्याकडे सहा आठवडे राहिली, आणि त्या सहा आठवड्यांत मी तिला कामाचा असा एकच सल्ला दिला. तोच नेमका वाईट निघाला. एरवी माझ्या तोंडाला लगाम नसतो, मग त्याच दिवशी मला गप्प बसण्याचं शहाणपण कुठून सुचलं देव जाणे.

ती टोंगाच्या हाअपाई बेटांवरची, माझ्या चुलतबहिणीची मुलगी. वय एकतीस, पांगाई गावच्या दवाखान्यात नऊ वर्षं नर्स. त्या दवाखान्यात छातीत कळ आलेल्या माणसाला बोटीत घालून पुढे धाडतात. वाटेत टिकला तर टिकला. तिचा बाप तसाच बोटीवर गेला. म्हणून सरकारने जेव्हा ऑकलंडच्या मोठ्या इस्पितळात सहा आठवडे काम शिकायला एक नर्स पाठवायची ठरवली, तेव्हा ही हट्टाने आली. शेवटी वॉर्डच्या मुख्य सिस्टरने कागदावर सही केली की पांगाईला हृदयरोग्यांसाठी दोन खाटांची खोली उघडणार होती आणि ती लेसिएलीच्या हाती येणार होती. सही नाही तर खोली नाही, इतकं ते सरळ होतं.

मी त्याच वॉर्डात एकोणीस वर्षं फरशी पुसते. डॉक्टर येतात, जातात, मी आहे तिथेच आहे.

मुख्य सिस्टर बर्निस. बाई वाईट नव्हे, पण कडक. रोज सकाळी तिचं एक पालुपद असायचं, "जे डोळ्यांनी बघितलं नाही ते पेनाने लिहायचं नाही." दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडचा एक म्हातारा सरदार भरती झाला. आमच्यात सरदाराच्या डोक्याला हात लावत नाहीत, म्हणून लेसिएली त्याच्या डोक्यावरची पट्टी बदलताना घुटमळली. बर्निसने सगळ्यांदेखत सुनावलं, "माझ्या वॉर्डात रोगी निवडून मिळत नाहीत. पुन्हा असं झालं तर सही विसर." त्या रात्री पोरगी जेवली नाही. मी केलेलं नारळाच्या दुधातलं तारो, म्हणजे आपल्या बेटांवरचा अळूचा कंद, तसंच पडून राहिलं.

पाचव्या आठवड्यातला मंगळवार. मी मोरीत बादली भरत होते, तर ही आत आली आणि दार लोटून उभी राहिली.

"मावशी, सहा नंबरला पेनीदादा आहे."

"कोण पेनी? आपला?"

"आपलाच. कामावर छातीत दुखलं. जांघेतल्या नसेतून नळी घालून हृदय मोकळं केलंय. आता ती जागा कोरडी आहे की रक्त येतंय, हे दर पंधरा मिनिटांनी बघायचं. आणि सहा नंबर माझ्याकडे."

माझ्या हाताखालचा नळ तसाच वाहत राहिला. पेनी म्हणजे पेनिसिमानी, तिच्या मावशीचा मुलगा. आमच्यात मावसभाऊ वगैरे भानगड नसते, भाऊ तो भाऊच. दोघं एका घरात वाढली, पण पेनीला मिसरूड फुटलं तसा तो अंगणातल्या वेगळ्या खोलीत झोपायला गेला. बहीण बसलेली असेल त्या खोलीत तो टेकत नसे. रेडिओवर चावट काही लागलं आणि दोघं समोरासमोर असली, तर एक जण मुकाट उठून बाहेर जाणार. आता अडतीस वर्षांचा हा बांधकामावरचा गडी, आणि त्याची चादर वर करून याच बहिणीने बघायचं. त्यापेक्षा दोघांनीही मरण पत्करलं असतं.

"बर्निसला सांगू?" तिने विचारलं.

इथे मी माती खाल्ली. म्हणाले, "वेडी आहेस का? एकदा सुनावलंय तिने. आडनावं वेगळी आहेत, कुणाला कळतंय. त्या जोसलीनशी अदलाबदल कर. चार तासांचा तर प्रश्न."

जोसलीन ही फिलिपिनो नर्स, गुणाची पोर. तिने का म्हणून विचारलंही नाही. पहिल्या तीन वेळा तीच पडद्याआड जाऊन बघून आली. तेवढ्यात अकरा नंबरच्या बाईचा श्वास अडकला. घंटा वाजली, डॉक्टर धावले, नर्सा धावल्या, त्यांच्यामागे जोसलीनही. वॉर्डाच्या या टोकाला उरलो लेसिएली आणि मी.

पावणेबारा वाजले. ती सहा नंबरच्या पडद्यापाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"दादा, दुखतंय का?"

"नाही गं. ठीक आहे सगळं. तू जा."

"खाली ओलं वाटतंय का?"

कुठला भाऊ बहिणीला असल्या प्रश्नाचं उत्तर देईल? घराचं छप्पर डोक्यावर पडलं तरी तो ठीक आहे असंच म्हणेल.

"जा म्हटलं ना," तो म्हणाला.

ती हलली नाही. तिने लांबवर अकरा नंबरकडे बघितलं, तिथली गर्दी तशीच. मग खिशातून पेन काढलं आणि तक्त्यावर लिहिलं, 'कोरडं'. मी बघितलं. तिने मला बघताना बघितलं. मी फडकं पिळलं आणि मान खाली घातली. तेव्हा ओरडले असते तर बरं झालं असतं.

जोसलीन येईना. घड्याळाचा काटा बाराकडे सरकला, तशी ती पुन्हा पडद्यापाशी आली. "दादा?"

"ठीक," तो म्हणाला. पण तो आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला. मला राहवलं नाही. मी फरशी पुसायचं निमित्त करून पडदा सारला आणि आत गेले. पेनीचा चेहरा राखेसारखा झालेला, ओठ सुकलेले, आणि दोन्ही मुठींनी चादर गळ्यापर्यंत धरलेली. खाटेच्या कडेवरून माझ्या ओल्या फरशीवर रक्त ठिबकत होतं.

"लेसी, आत ये," मी म्हणाले.

ती पाठमोरीच आत आली. आत्तासुद्धा पाठमोरी.

"वळ, बये. मेला तर कुणाचा मान राखणार आहेस?"

ती वळली. फरशी बघितली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. कुणी आलं नाही.

"तू नको," पेनी म्हणाला. "दुसरी कुणी बोलव."

"दुसरी कुणी नाही. चादर सोड."

"नाही."

"दादा, सोड."

अंगातलं रक्त चाललेला माणूस, पण चादर सोडीना. मला दाबता आलं असतं, पण कुठे आणि कसं, हे तिलाच ठाऊक. ती हळूच म्हणाली, "तूलोऊ." थोरामोठ्यांसमोरून जाताना वाकून आम्ही क्षमा मागतो, तो शब्द. आणि तिने चादर हिसकून खाली टाकली. एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून सगळं अंग त्या नसेवर घातलं. पेनीने कोपर डोळ्यांवर आडवं घेतलं.

"मावशी, पळ. जो दिसेल त्याला ओढून आण," ती म्हणाली.

माझ्या गुडघ्यांत वंगण संपलंय, तरी मी पळाले. एका डॉक्टरला बाहीला धरून आणलं. डॉक्टर म्हणाला, हात काढू नकोस. वीस मिनिटं तिने हात काढला नाही. तिचे दंड लटलटत होते, नाकावरून घाम गळत होता, आणि नजर समोरच्या भिंतीवर. रक्त थांबलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, आणखी पाच मिनिटं गेली असती तर हा हाती लागला नसता.

तिने हात धुतले आणि तक्ता घेऊन सरळ बर्निसच्या टेबलापाशी गेली. मी मागोमाग.

"पावणेबाराचं मी बघितलं नव्हतं. न बघता लिहिलं," ती म्हणाली. "तो माझा भाऊ आहे."

"आणि गप्प बस म्हणून मी सांगितलं," मी म्हणाले.

बर्निसने तक्ता हातात घेऊन त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "एक शब्द बोलली असतीस तर मी त्याची खाट दुसऱ्या नर्सकडे दिली असती. रोगी निवडू नका म्हटलं होतं. भावाला बघा असं कधी म्हटलं मी?"

बर्निसने तक्ता टेबलावर ठेवला.

"तुझे हात चांगले आहेत," ती पुढे म्हणाली. "पण हे लिहिलेलं खोटं आहे. आणि पांगाईला तू एकटी असशील, तुझं लिहिलेलं तपासायला कुणी नसेल. सही मी करणार नाही."

घरी येऊन मी बर्निसच्या सात पिढ्या उद्धरल्या. लेसिएली म्हणाली, "पुरे मावशी, बाई खरं बोलली." पांगाईला फोन गेला. खोलीचं सामान खोक्यांतून परत राजधानीला न्यायचं ठरलं. तीन रात्री पोर भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि मला तिच्याजवळ जायचा धीर होत नव्हता.

ती जायच्या आधीचा रविवार. आमचं चर्च गच्च भरलेलं. पुढच्या बाकावर पेनी बायकामुलांसह, आम्ही दोघी पार मागे. उपकार मानायच्या वेळी पेनी काठी टेकत उभा राहिला.

"मरणाच्या दारातून परत आलो," तो म्हणाला. "देवाने एक गोरी नर्स पाठवली. तिने माझं रक्त थांबवलं. तिचं नाव मला ठाऊक नाही."

सगळं चर्च आमेन म्हणालं. आमच्या पुढची लोलोहेआ, जिला दुसऱ्याच्या घरातलं मीठसुद्धा मोजून हवं असतं, ती मागे वळली. "तुमची लेसी त्याच वॉर्डात होती ना? नापास झाली म्हणे."

माझं डोकं फिरलं. मी उठायलाच लागले होते, तर लेसिएलीने, चर्चला येताना आम्ही मानाची म्हणून कमरेला गुंडाळतो ती माझी चटई मागून घट्ट धरली.

"बस मावशी."

"धडधडीत खोटं बोलतोय तो. तुझ्यामुळे उभा आहे आणि..."

"बोलू दे. मी त्याला तसं बघितलं हे गावाला कळलं, तर तो पुन्हा कधी पांगाईला आमच्या घरी यायचा नाही. माझी आई म्हातारी झालीय, तिला तो लागतो."

लोलोहेआ अजून आमच्याकडेच बघत होती. लेसिएलीने तिच्या डोळ्याला डोळा दिला आणि मोठ्याने, स्पष्ट, आमेन म्हटलं. मग दात आवळून मीही म्हटलं.