साहेबाला घातलेल्या शिव्या

मी तोंडाची फटकळ आहे हे आमच्या निघोजे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आधीच सांगून ठेवते, गणराजबद्दल मी चांगलं बोलणार नाही. विजयश्री स्वतः काही बोलत नाही, म्हणून मी बोलते.

केसरबाईंच्या खोल्यांमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. गणराज आणि विजयश्री धाराशिवकडचे. तो चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लाइनवर. मोठी दिव्या नुकती शाळेत जायला लागलेली, धाकटा अंगावर पिणारा. मी सकाळी एका मेसमध्ये पोळ्या लाटते आणि दुपारी घरी येते. एकदा येऊन बघते तर ही जिन्यात बसलेली, शेजारी पाण्याची कळशी, आणि धाप अशी लागलेली की तोंडातून शब्द फुटेना. मी म्हटलं, "अगं, तिशीसुद्धा नाही आली तुझी, आणि माझ्यासारखी म्हातारी झालीस होय?" तर ती रडायलाच लागली.

मग सगळं कळलं. तिच्या आईला शुगर होती. पायाला जखम झाली, ती बरी होईना, शेवटी पाय कापला, आणि हिच्या लग्नाआधीच ती गेली. दुसऱ्या बाळंतपणात विजयश्रीचीही शुगर वाढली आणि नंतर हवी तशी उतरली नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "अजून काठावर आहेस. रोज तासभर भरभर चाल, खाणं सांभाळ, म्हणजे गोळीवाचून भागेल. एकदा गोळी सुरू झाली की सुटणं अवघड." त्या गोळीची तिला फार धास्ती. आईचंही गोळीपासूनच सुरू झालं होतं ना. दिव्याच्या लग्नात मी दोन्ही पायांवर उभी पाहिजे, एवढंच तिचं मागणं.

आता लहान पोरांच्या आईला तास कुठून मिळणार? इथं आमच्याकडे घड्याळ भिंतीवर नसतं, नवऱ्याच्या शिफ्टवर असतं. गणराजची शिफ्ट दर आठवड्याला फिरायची. सेकंडला असला की सकाळी घरी. नाइटला असला की सकाळी बसमधून उतरून येणार. तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की नाइटवरून आल्यावर लगेच झोपायचं नाही, चहा घेत पोरांजवळ बसायचं, तेवढ्यात ती चालून येईल. फर्स्टचा आठवडा मात्र वाया, कारण पोरं उठायच्या आत तो गेलेला. "तीन आठवड्यांतले दोन मिळाले, काकू, खूप झाले," असं म्हणाली. एवढ्याशानं खूष होणारी बाई ती.

सुरुवातीला चालायची, पुढे पळायला लागली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, पायात गणराजचे जुने बूट. नदीकडच्या रस्त्यानं जायची, तिकडे कंटेनर कमी. केसरबाई आमच्या जुन्या गावकरी, त्यांनी पहिल्यांदा बघितलं आणि मला विचारलं, "ही बया सकाळच्या पारी कुनाच्या अंगावर धावून चाललीय?" मी म्हटलं, "शुगरच्या." त्यांना ते पटलं असावं, कारण त्यानंतर त्याच तिला फाटकातून हाक मारायला लागल्या, "पळ गं, पळ."

खाण्याचंही तिनं मनावर घेतलं. पोरांच्या ताटात उरलेला वरणभात, अर्धी पोळी, बिस्किटाचा तुकडा, हे सगळं आईच्या पोटात जातं, नाही का? बायका कधी लठ्ठ झाल्या हे त्यांनाच कळत नाही. तिनं ते बंद केलं. सासूचा गावाहून फोन, अन्नाचा अपमान करू नये म्हणून. मी सांगितलं, उरलेलं केसरबाईंच्या कोंबड्यांना घाल, पुण्य लागेल. चहातली साखर गेली, भात कमी झाला, ज्वारीची भाकरी आली. पावसाळा संपता संपता शुगर खाली आली. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर थाप मारली म्हणे. त्या दिवशी तिनं मला आपल्या हातची भाकरी आणि ठेचा आणून दिला आणि माझ्याबरोबर दारातच बसून खाल्ला. तिला एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि दसरा झाल्यावर गणराज म्हणाला, "साहेबानं मला कायमची फर्स्ट लावली."

दिग्विजय साहेब त्यांच्या लाइनचे सुपरवायझर. विजयश्री म्हणाली, सांगून बघा ना. तर म्हणे, "कंपनी आहे, बापाचं शेत नाही. नाही म्हटलं तर गेटबाहेर." तिनं मान्य केलं. करणार काय? संध्याकाळी मी घरी असते, मी पोरं बघते म्हटलं, तर हा म्हणाला, संध्याकाळी कंपन्यांच्या बसेस सुटतात, टवाळ पोरं असतात, नको. काळजीनं म्हणतोय असं आम्हा दोघींना वाटलं. मलासुद्धा वाटलं, याचा मला जास्त राग येतो.

ती खोलीतच उड्या मारायला लागली. खालच्या खोलीत नाइटवाली पोरं दिवसा झोपलेली, त्यांनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. तेही बंद. मग राहिल्या त्या दिग्विजय साहेबाला शिव्या. बाई गं, काय शिव्या. भाकरी थापताना, धुणं आपटताना, पोरांना न्हाऊ घालताना. त्याच्या बायकोलाही शुगर होऊ दे, म्हणजे कळेल, इथपर्यंत. दिव्या जेवेना झाली की तिला सांगायची, पटपट खा, नाहीतर दिग्विजय साहेब येईल. पोरगी घाबरून घास गिळायची. गणराज समोर बसून जेवत असायचा, आणि हे सगळं ऐकत असायचा.

थंडीत शुगर पुन्हा चढली. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. 

जानेवारीत कंपनीचा फॅमिली डे होता. त्या दिवशी घरच्यांना आत नेऊन मशिनी दाखवतात, नाश्त्याचा डबा देतात, मैदानात खेळ घेतात. धाकट्याला सांभाळायला म्हणून मला नेलं होतं. वहिनी लोकांची पळण्याची शर्यत लागली. विजयश्रीनं साडीचा काचा मारला, चपला माझ्याकडे दिल्या आणि अशी सुटली की बाकीच्या मागे हसत हसत येत राहिल्या. पहिली आली. बक्षीस द्यायला कोण, तर दिग्विजय साहेब. दिव्या माझ्या पदरामागे लपली.

साहेब चाळिशीचा, साधा माणूस, स्टीलचा डबा पुढे करून हसतोय. हिनं डबा घेतलाच नाही. म्हणाली, "साहेब, हे नको. यांची शिफ्ट पहिल्यासारखी फिरती करा. फर्स्ट लागल्यापासून माझं पळणं बंद झालं आणि मला गोळी लागली. तुम्हालाही लेकरंबाळं असतील, विचार करा."

साहेब गोंधळला. त्यानं गणराजकडे बघितलं, मग हिच्याकडे. "वहिनी, मी कुठं लावली? यांनीच मागून घेतली की. चार वेळा मागे लागले. म्हणाले, मिसेसना शुगर आहे, संध्याकाळी घरी मदतीला थांबावं लागतं. म्हणून मी दुसऱ्याला नाइट देऊन यांना फर्स्ट दिली."

मदतीला. चार वाजता यायचा, झोपायचा, उठून नाक्यावर मित्रांत जायचा, ही त्याची मदत. माझ्या हातात तिच्या चपला होत्या, एक घालावीशी वाटली मला त्याच्या तोंडात. अहो, तिचं दुखणं पुढे करून तिचंच औषध काढून घेतलं यानं. केसानं गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

विजयश्रीनं साहेबांना नमस्कार केला. "माफ करा," एवढं म्हणाली आणि डबा घेतला. साहेबाला कळेना माफी कशाची. मला कळलं.

परत येताना बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर होते. गणराज हळूच म्हणाला, "नाक्यावर पोरं रोज हसायची गं. वहिनी कुणाच्या मागं पळतात राव, असं विचारायची. मला लाज वाटायची. तुला कसं सांगणार?"

"सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी रस्ता बदलला असता. पहाटे गेले असते. केसरबाईंना बरोबर घेऊन गेले असते." आवाज चढलेला नव्हता. "मी त्या माणसाच्या बायकोला शुगर होऊ दे म्हटलं. तुम्ही भाकरी मागून घेत होतात तेव्हा."

 धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता, मी त्याला थोपटत राहिले. मी त्या दिवशी गप्प बसले हे माझं मलाच खरं वाटत नाही.

दुसऱ्या आठवड्यात गणराजनं स्वतः जाऊन शिफ्ट फिरती करून घेतली. नाक्यावर जाणं कमी केलं. नाइटवरून आला की पोरांजवळ बसतो, धाकट्याचं नाकसुद्धा पुसतो. ती पळायला जाते, पण गोळी सुटलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बघू. बायका मला म्हणतात, चुकला बिचारा, सुधारला ना आता, तुम्ही काय धरून बसलात? मी धरून बसलेच नाही. धरून कोण बसलंय ते मी परवा बघितलं.

खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, नेहा म्हणून आहे. तिचा नवरा प्रितम गणराजच्याच लाइनवर, त्याच शिफ्टला. गणराजनं पुढच्या आठवड्याची शिफ्ट सांगितली की विजयश्री "बरं" म्हणते, आणि नंतर काहीतरी निमित्त काढून खाली जाते, नेहाला विचारते, वर येते. मला वाटायचं हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

परवा मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर सगळे जेवायला बसलेले. गणराज म्हणाला, "सोमवारपासून सेकंड आहे मला." विजयश्री वाढत होती, ती "बरं" म्हणाली. दिव्यानं हातातला घास ताटात ठेवला, उठली, चपला घातल्या.

"कुठं निघालीस जेवता जेवता?" गणराजनं विचारलं.

"नेहाकाकूला विचारून येते," पोरगी म्हणाली, "तुम्ही सांगितलेली शिफ्ट खरी आहे का."

ती जिना उतरून गेली. गणराज ताटाकडे बघत बसला. विजयश्रीनं तिला हाक मारून परत बोलावलं नाही.