पट्टा आधी आपल्या अंगावर

आमच्या घरात पाण्याची पहिली बादली घोडीची असायची, आणि ह्यावर ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. शनिवार पेठेतल्या आमच्या बोळात सकाळी नळाला पाणी आलं की आधी घोडी, मग चूल. शेजारीण आईला चिडवायची, "वयनी, तुमच्यात घोडी थोरली का धनी थोरला?" आई हातातली बादली खाली न ठेवता सांगायची, "घोडी. धनी काय, कुटं बी जाऊन पाणी पितोय."

माझे आजोबा संस्थानाच्या पागेत घोड्यांचे साज शिवायचे. संस्थान गेलं, पागा मोडली, तेव्हा त्यांनी एक टांगा घेतला आणि टोचायची आरी, कातडं कापायची रापी घेऊन घरच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत बसले. त्यांच्यामागं आबा, म्हणजे माझे वडील, त्याच जागेवर बसून लगाम, झापडं, छातीपट्टे शिवायचे आणि धाकटे काका स्टेशनच्या स्टँडवर टांगा हाकायचे. पेठेतली काही माणसं नाक मुरडायची. म्हणायची, चांगल्या घरातली असून कातड्यात हात घालून बसत्यात! मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. कातड्याच्या चपला करकर वाजवत लग्नाला मिरवायला ह्यांना चालतं, शिवणाऱ्याच्या घरचा चहा मात्र चालत नाही. बसा म्हणावं तसेच तहानलेले.

तर आमच्या घरची एक रीत होती. छातीपट्टा म्हणजे घोड्याच्या छातीवरून जाणारा रुंद पट्टा. अख्ख्या टांग्याची ओढ त्याच्यावर असते. नवीन छातीपट्टा तयार झाला की ज्यानं शिवला त्यानं तो आधी स्वतःच्या अंगावर घालायचा. आबा सदरा काढून पट्टा उघड्या छातीला लावायचे, टांग्याच्या दोन्ही दांड्या हातात धरायचे, आम्हां पोरांना टांग्यात बसवायचे आणि बोळाच्या तोंडापर्यंत दहा खेपा घालायचे. मग आई त्यांची छाती निरखून बघायची. कुठं जरा लाल दिसलं की पट्टा सगळा उसवायचा. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी उसवायचा. "जनावराला तोंड न्हाय बाबा, आपल्याला हाय," असं म्हणून आबा त्याला वाटेला लावायचे.

मी बाराव्या वर्षापासून आरी चालवत होते. सोळाव्या वर्षी माझा टाका आबांच्यापेक्षा सरळ पडायचा, हे आबाच सांगायचे. पण माझे पट्टे अंगावर घालून बघायचे ते आबाच. मी एकदा म्हणाले, मी शिवलाय तर मीच ओढतो. आमच्याकडं बायका पण येतो-जातोच म्हणतात, त्यात काही नवल नाही. तर आबा म्हणाले, "पोरीच्या जातीनं बोळातनं टांगा ओढायचा? लोक काय म्हणतील?" लोकांच्यापायी ज्यांनी घोडीची बादली एक दिवस मागं ठेवली नाही, ते हे आबा! मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

मी सतरा वर्षांची होते त्या सालची गोष्ट. एकोणीसशे सत्तरचा सुमार असेल. कोल्हापुरात रिक्षांची फटफट वाढली होती आणि टांग्याला नवीन लायसन देणं बंद झालं होतं. ज्यांचं जुनं होतं त्यांनी दर वर्षी ठरल्या दिवशी मैदानावर टांगा आणि घोडं दाखवून पासिंग करून घ्यायचं. तो दिवस चुकला की लायसन कायमचं गेलं. आणि टांगाच नाही त्या घरात घोडी पोसायची कशावर? आमची घोडी काळी कुळकुळीत, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. काकांनी गुळाचा खडा दिल्याशिवाय स्टेशनवरून पाय उचलायची नाही, अशी लाडावलेली. जनावरांचा एक दलाल दोनदा दारात येऊन तिचे दात बघून गेला होता. दुसऱ्या वेळी मी त्याला झाडू दाखवला.

पासिंग आठवड्यावर आलं आणि आबा कातडं आणायला नेसरीकडं गेले. मी एकटीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत एक छातीपट्टा शिवला. अगदी झोकात काढायचा, पासिंगच्या साहेबानं बघत राहिलं पाहिजे, असं माझ्या डोक्यात. आमच्यात दोऱ्याच्या गाठी नेहमी बाहेरच्या बाजूला सोडतात. त्या दिसायला वाईट दिसतात, पण जनावराला लागत नाहीत. मी त्या सगळ्या आत घेतल्या. बाहेरनं पट्टा असा दिसायला लागला की काकांनी दोनदा हात फिरवून बघितला. आई म्हणाली, "आबा येऊ देत, घालून बघतील, मग लावा." मी कसली थांबते! मला आबांना दाखवायचं होतं ना. काकांनीही री ओढली आणि पट्टा घोडीला चढवून स्टेशन गाठलं.

दिवसभर पावसाची भुरभुर होती. कातडं भिजलं, गाठी फुगल्या. संध्याकाळी साज उतरवला तेव्हा घोडीच्या छातीची तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती. तिनं दिवसभर पाय मागं घेतला नव्हता, ह्याचंच मला जास्त रडू आलं.

आबा दुसऱ्या दिवशी आले. आधी घोडीकडं गेले, मग पट्टा उचलून त्याच्या आतून बोटं फिरवली. ओरडतील, मारतील असं वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणासाठी शिवलास ह्यो? सायबासाठी का तिच्यासाठी?"

त्यापेक्षा एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

पासिंग चार दिवसांवर. जखम भरायला पंधरा दिवस तरी हवेत. काका म्हणाले, "आपल्याकडं काळं पॉलिश हाय, घोडी बी काळी हाय. जरा थापून नेऊ. सगळं करत्यात की." खरंच करायचे. मैदानावर निम्म्या टांग्यांची घोडी पॉलिश लावून यायची हे सगळ्या स्टँडला ठाऊक होतं. आबा म्हणाले, "उघड्या मांसावर पॉलिश लावून वर पट्टा आवळायचा? त्यापेक्षा लायसन गेल्यालं बरं." काका भडकले. "मग घोडी बी जाईल की! बसा तत्त्व चाटत!" असं म्हणून तणतणत बाहेर गेले. आबा सोप्यात भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी त्यांनी आरीला हात लावला नाही.

मी तो पट्टा मांडीवर घेतला आणि टाका न् टाका उसवला. पुन्हा शिवला. गाठी बाहेर, ओबडधोबड, जशा असतात तशा. शेवटची गाठ मारली आणि म्हणाले, "पासिंगला टांगा मी वडत न्हेतो. घोडी मागनं येऊ दे मोकळी. जखम उघडी दाखवू."

"खुळी हायस काय?" आबा म्हणाले. "वडायचाच तर मी वडतो."

"का? शिवलाय कुणी? जो शिवंल त्यानं आधी घालायचा. रीत तुमचीच न्हवं? का पोरीला रीत न्हाय?"

तेवढ्यात चुलीपुढनं आई उठली आणि दारात येऊन उभी राहिली. "चुकी तिची हाय. तिलाच निस्तरू दे. लोकांचं काय घिऊन बसलाय? लोक हसतील न् घरला जातील."

पासिंगच्या सकाळी आईनं तिचं नऊवारी मला चापून काष्टा घालून नेसवलं. पट्टा पोलक्यावरून आवळला. मी दांड्या उचलल्या. आबा मागनं घोडीची दोरी धरून चालत होते, आणि काका त्यांच्या नावानं शंख करत घरीच राहिले.

बोळातनं बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागलो आणि गर्दी जमली. एक रिक्षावाला शेजारनं फटफटत आला आणि ओरडला, "पावणं, ह्यातली घोडी कंची?" मी म्हणाले, "मागची. तुझी बंद पडली की सांग, ती बी वडतो." लोक खदाखदा हसले, पण आता त्याला. कुणी शिट्टी मारली, कुणी म्हणालं पोरीला जनावरासारखं जुंपलंय, बापाला लाज न्हाय. हे ऐकून मागं आबांची चाल मंदावली. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर दांड्या खाली ठेवल्या असत्या. बिंदू चौकाकडच्या चढाला छाती फुटायची पाळी आली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमची घोडी दिवसातनं किती वेळा हा चढ चढते. लाज वाटली मला. हसणाऱ्यांची नाही, तिची.

मैदानावर टांग्यांची रांग. साहेब खुर्चीवरनं उठून उभाच राहिला. "हा काय तमाशा आहे?"

आबांनी घोडी पुढं आणली. "घोडीला जखम हाय साहेब. झाकून आणली न्हाय."

"घोडं जुंपलेलं नसेल तर पासिंग नाही. पुढं व्हा."

बोलायचं आबांनी होतं. पण मला राहवलं नाही. "साहेब, टांगा बघा. चाकं बघा, दांड्या बघा, साज बघा. ह्या पट्ट्यानंच तिची छाती सोलली. शिवणारी मी. आता दुरुस्त केलाय आणि तिच्या आधी माझ्या अंगावर घातलाय. बरी झाल्याबिगर मी तिला जुंपणार न्हाय. तुम्ही लायसन काढून घेतलं तरी न्हाय!"

साहेब जवळ आला. त्यानं माझ्या खांद्याजवळ पट्ट्याच्या आत दोन बोटं घालून शिवण तपासली. मग घोडीची जखम बघितली. आईनं त्यावर हळद आणि खोबरेल लावलं होतं. तो बराच वेळ कागद चाळत राहिला. शेवटी म्हणाला, "टांगा पास. घोडी पंधरा दिवसांनी दाखवायची. जखम भरलेली नसली तर लायसन रद्द." आणि शिपायाला सांगितलं, "ओलं फडकं आण. बाकीच्या घोड्यांच्या छात्या पुसून बघू." रांगेत एकदम चुळबुळ सुरू झाली. त्या दिवसापासून निम्मा स्टँड आमच्याशी बोलेनासा झाला. नाही बोलले तर नाही!

परतताना मी पुन्हा दांड्यांना हात घातला, तर आबांनी तो बाजूला केला. माझ्या अंगावरचा पट्टा सोडला, भर मैदानात सदरा काढला आणि पट्टा स्वतःच्या छातीला लावला.

"वर बस," म्हणाले.

"आबा, मी घालून बघितलाय की."

"तू बघितलास. मी कुटं बघितलाय अजून? बस."

मी टांग्यात बसले. नऊवारी, काष्टा, हातात घोडीची दोरी, घोडी मागं. आबा उघड्या अंगानं मला ओढत बिंदू चौकातनं निघाले. सकाळी हसणारी तीच माणसं दोन्हीकडं उभी होती. आबांनी एकाकडंही बघितलं नाही, आणि टांगा एकदाही कडेनं घेतला नाही, रस्त्याच्या मधोमध ठेवला. चढ नव्हता तिथंही त्यांची पाठ घामानं निथळत होती. मी रडत होते आणि मान ताठ ठेवत होते, दोन्ही एकदम. पेठेच्या कोपऱ्यावर काका उभे होते. मागं येऊन टांगा ढकलायला लागले.

दारात आई वाट बघत होती. आबांनी पट्टा काढला आणि रीतीप्रमाणे तिच्यापुढं उभे राहिले. तिनं त्यांची छाती नीट निरखून बघितली, खांद्यापासून बरगडीपर्यंत. कुठंही लाल नव्हतं.

आबांनी पट्टा माझ्या हातात दिला. "भरली जखम की घाल तिला," म्हणाले. "आणि हितनं पुढं तुझं तूच वडून बघायचं. मला इचारायचं न्हाय."